आंजर्ल्याचा ओटा: लाकूड निवडीच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळी आटोपली, आज आंजर्ल्याला जाऊन माप घेतलं. घर जांभ्याचं, मागे नारळी-पोफळीची वाडी, समुद्र चालत पाच मिनिटांवर. काकू एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, म्हणजे खारा वारा थेट ओट्यावर. ओटा कडाप्प्याचा आणि खालचे कप्पेही उभ्या कडाप्प्यांचेच, ते ठणठणीत आहेत. संपलंय ते दरवाज्यांचं काम. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी पार्टिकल बोर्डाचे दरवाजे बसवून दिले होते. सिंकखालच्या दरवाज्याला हात लावला तर खालची कड ओल्या भाकरीसारखी हातात आली.

काम असं: खाली आणि वर मिळून चौदा दरवाजे, सहा खण, भिंतीवरची कपाटं आणि डब्यांसाठी एक उघडी मांडणी.

निघताना माजघरातल्या फडताळाकडे लक्ष गेलं. काकूंच्या सासऱ्यांच्या वेळचं. दरवाजे अजून सरळ. आतल्या कडेवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने नखाएवढी साल काढली. वरून जवळजवळ काळं, आणि आत सोनेरी पिवळं. फणस. प्रत्येक लोखंडी खिळ्याभोवती रुपयाएवढा काळा डाग पडला होता, खिळे गंजून निम्मे झाले होते, पण लाकूड खिळ्याच्या भोकापर्यंत घट्ट. काकूंना म्हटलं, तुमच्या नव्या ओट्याचं उत्तर इथेच लटकतंय.

२३ नोव्हेंबर

काकूंनी आज पडवी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. काकूंचा विहिरीजवळचा फणस त्याच दुपारी पडला. ओंडका अख्खा पावसाळा बाहेर भिजत राहिला आणि नोव्हेंबरात गिरणीवर नेऊन दीड इंची फळ्या पाडल्या. त्या तेव्हापासून पडवीत, मधे रिपा घालून, एकावर एक रचलेल्या आहेत. रचणारा जाणता होता, रिपा एकाखाली एक बरोबर ओळंब्यात आहेत. त्या वाकड्यातिकड्या ठेवल्या असत्या तर फळ्यांनी लाटा घेतल्या असत्या.

"बरका होता तो," मऊ, रसाळ गऱ्यांच्या फणसाला बरका म्हणतात, काकू म्हणाल्या. "तीस वर्षं त्याच्या रसाची सांदणं केली मी. पडला त्या दिवशी जेवण गेलं नाही रे."

पंचनाम्याचा कागद त्यांनी जपून ठेवलाय. तो मी आवर्जून बघितला. झाड आपल्या परड्यातलं असलं तरी फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. कागद नसलेलं लाकूड मी कामाला लावत नाही, मग ते घरचं असो की दारचं.

फळ्या उलटून बघितल्या. बाहेरचं पांढरट लाकूड पहिल्याच पावसात गेलेलं, बोटाने भुसा पडतो, भुंग्याची भोकं आहेत. पण भोकं जिथे पिवळं लाकूड सुरू होतं तिथे थांबलेली आहेत, कुणी रेघ मारून दिल्यासारखी. गाभा म्हणजे काय हे कुणाला शिकवायचं असेल तर ही फळी हातात द्यावी.

२४ नोव्हेंबर

हिशेब. ओंडक्याचा घेर पाच फूट होता आणि लांबी नऊ, असं काकूंच्या वहीत आहे. वखारीच्या रीतीने घेराचा चौथा भाग पंधरा इंच, पंधरा गुणिले पंधरा भागिले एकशे चव्वेचाळीस, गुणिले नऊ: चौदा घनफूट. खरं घनफळ जवळजवळ अठरा भरतं. चौथ्या भागाची रीत साडेएकवीस टक्के कमीच दाखवते, ती सालीची आणि करवतीच्या वाटणीची सूट समजायची. पांढरं आणि तडे वजा जाऊन हाती येईल असं लाकूड मी आठ घनफूट धरतो. पॅनेलं, वरच्या कपाटांच्या बाजू आणि मांडणी त्यात निघेल. दरवाज्यांच्या चौकटींना पुरणार नाही, आणि पुरलं असतं तरी चौकटीला मी फणस घेतला नसता. त्याचे धागे आलटून पालटून उलटे जातात, बारीक पट्टी पीळ घेऊ शकते.

२ डिसेंबर

काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन. भला माणूस, आईसाठी चांगलंच व्हावं म्हणून झटतोय. त्याने परदेशी स्वयंपाकघरांचे फोटो पाठवलेत: मेपल, चेरी, व्हाइट ओक. "दादा, सगळं हार्डवुडमध्येच करा, मऊ लाकूड नको."

इथे बऱ्याच लोकांची गल्लत होते म्हणून लिहून ठेवतो. हार्डवुड हा शब्द झाडाच्या जातीचा आहे, कठीणपणाचा नाही. रुंद पानाची, फुला-फळांची झाडं ती हार्डवुड, आणि सुया असलेली चीड-देवदारासारखी ती सॉफ्टवुड. त्या हिशेबाने आगपेटीच्या काड्यांची सावर हार्डवुड, आणि सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तो नखाने दबणारा पांगाराही हार्डवुडच.

आणि नुसत्या कठीणपणावर जायचं तर मेपल सागाच्या पुढे आहे. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो यावर जांका आकडा काढतात. हार्ड मेपलचा तो १४५० च्या आसपास, सागाचा हजार-अकराशेच्या घरात. पण मेपल ओलीत कुजतं, कीड त्याला सोडत नाही. ते कोरड्या, तापवलेल्या घरांचं लाकूड आहे आणि तिथे ते उत्तमच. व्हाइट ओकची गोष्ट वेगळी. त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची करतात. रेड ओकच्या तुकड्यातून मात्र फुंकर आरपार जाते. व्हाइट ओक आंजर्ल्यात टिकेलही, पण एवढं समुद्रापलीकडून आणून टिकवायचं काय, जेव्हा पडवीत टिकलेलं पडलंय.

ओट्याच्या दरवाज्यावर कुणी गोळी रुतवत नाही. आपल्याकडे त्याला झेलायचा असतो जून ते सप्टेंबर. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आईचा फणस पुरेल?" त्याच क्षणी मला हे काम आवडायला लागलं.

९ डिसेंबर

चौकटींसाठी साग बघायला गेलो. पहिल्या वखारीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या दाखवल्या, "दोन वर्षांचा सुका माल." लाकडातला ओलावा मोजायचा मीटर लावला, बावीस टक्के. दुसरी फळी, एकवीस. शिवाय कडेला दोन-दोन बोटं पांढरं, आणि त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवलेला. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं रंगलं. लागवडीचा कोवळा साग म्हणून मी नाक मुरडत नाही. वलयं दाट की विरळ यावर अडत नाही. गाभा किती आहे ते बघतो. पण पांढऱ्याला गाभा म्हणून विकणं हा बाईच्या स्वयंपाकघराशी केलेला दगा आहे. तिथून काही न घेता निघालो.

बर्मा साग विचारायचा विषयच नव्हता. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि आज त्या नावाने जे मिळतं ते नेमकं कुठलं हे मला माझ्या डोळ्यांनी ओळखता येईल अशी खात्री नाही.

परत येताना जुनं सामान विकणाऱ्याकडे थांबलो. पाडलेल्या घरांच्या तुळया, वासे, चौकटी. एका तुळईचं टोक रंध्याने साफ केलं आणि तो वास आला, जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट. साग. मीटर तेरा. चार तुळया घेतल्या.

१२ डिसेंबर

तुळयांतून खिळे काढण्यात दोन दिवस गेले. लोहचुंबक फिरवत जायचं, जिथे ओढ लागेल तिथे खडूची खूण. त्रेपन्न खिळे निघाले. चौपन्नावा करवतीने शोधला, पातं गेलं. सागात मुळातच वाळूसारखा सिलिका असतो, तो पात्यांची धार खातो, त्यात हे. तरीही हिशेब जुन्याच्या बाजूने आहे. एवढा मुरलेला माल नवा मिळत नाही.

१६ डिसेंबर

मीटरवर भरवसा किती ठेवायचा? त्याच्या सुया विजेने ओलावा मोजतात आणि आकडे ठराविक जातींसाठी बसवलेले असतात, त्यात फणस नाही. म्हणून फणसाचा तुकडा घरच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडा वर ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर तासाने तोलला. आधी बासष्ट ग्रॅम, शेवटी चोपन्न. गेलेले आठ भागिले चोपन्न: पावणेपंधरा टक्के. मीटर साडेतेरा म्हणत होता. म्हणजे फणसाला मीटरच्या आकड्यात सव्वा मिळवायचा. मीटरवर नुसता विश्वास ठेवला असता तर पुढच्या सगळ्या फटींचा हिशेब चुकला असता.

पावणेपंधरा डिसेंबरात जास्तच आहे. फळ्या पडवीतून माझ्या कारखान्याच्या माळ्यावर चढवल्या. तिथे पत्र्याखाली ऊन लागतं. फेब्रुवारीपर्यंत बारा-तेरावर याव्यात.

५ जानेवारी २०२४

खणांचं लाकूड. गावातले दोघे-तिघे म्हणाले आंबा घे, स्वस्त आहे. आंब्याचा रंग मलाही आवडतो, पण त्यात गाभा असा वेगळा संरक्षण देणारा नसतोच. औषध न दिलेल्या आंब्याला भुंगा लागतो, आणि पिठाच्या डब्याखाली पिवळा भुसा पडलेला मी अनेक घरांत पाहिलाय. रबरवुडचे जोडलेले बोर्ड मिळतात, तेही औषधावरच उभे असतात आणि ओलीत बुरशी धरतात.

ऐन आणि किंजळ आमच्याकडच्या घरांचे खरे खांब. पण ऐन सुकताना पृष्ठभागावर चिरतो, आणि दोन्हींचं वजन एवढं की भरलेला खण काकूंना ओढवणार नाही. त्यांचे गुडघे दुखतात, हात संधिवाताचे. खण हलकाच हवा.

उरलं शिवणीचं झाड. शिवण हलकी, फिकट, हस्तिदंती रंगाची, आणि आकाराने फार इकडेतिकडे होत नाही, म्हणून जुने कारागीर मोजमापाच्या वस्तूंना आणि कोरीव कामाला ती घ्यायचे. एका ओळखीच्यांच्या बांधावरची, कागदासह, पाऊण वर्ष सुकलेली मिळाली. खणांच्या बाजूंसाठी अर्धा इंच जाडी पुरते, तेवढी तोवर सुकते.

१८ जानेवारी

रंगाची चाचणी. फणसाच्या पट्टीचा अर्धा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून गच्चीवर २० डिसेंबरला ठेवली होती. आज कागद सोडला. झाकलेला भाग हळदीसारखा, उघडा भाग गुळासारखा, आणि मधे धारदार रेघ. पट्टी काकूंना नेऊन दाखवली, म्हटलं, आत्ता पिवळा दिसेल म्हणून घाबरू नका, दोन वर्षांत असा होईल आणि पुढे फडताळासारखा. त्यांनी पट्टी फडताळाच्या दारावर धरून बघितली. "मग थांबू की," म्हणाल्या. रंग चढवायचा नाही हे ठरलं.

हा पिवळा रंग उकळला की कापडाला चढतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाने रंगवत आलेत. म्हणून ओल्या फडक्याला तो लागतो, पॉलिशआधी कुणी पांढरं फडकं फिरवू नये.

६ फेब्रुवारी

फणस मीटरवर साडेअकरा, म्हणजे खरा पावणेतेरा. कापणी सुरू.

दरवाजा चौकट-पॅनेलचाच करायचा, हे मनात पहिल्या दिवसापासून होतं. सागाचा ठोकताळा असा: वलयं रुंदीला समांतर असलेली फळी एक टक्का ओलाव्याला पाचशे मिमीत जवळजवळ एक मिमी फुगते, वलयं उभी असलेली त्याच्या निम्मी. फणस मी तसाच धरतो. इथे कोरड्या दिवसांतून पावसाळ्यात जाताना चार-पाच टक्के चढतात. माझं पॅनेल तेरा इंच रुंद, म्हणजे दोन ते तीन मिमी फुगणार. म्हणून चौकटीच्या खाचेत दोन्ही बाजूंना एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळं सोडलं आणि पॅनेलला गोंद कुठेच नाही. वर-खाली मध्यावर फक्त एक बारीक काडी, पॅनेल मध्यात राहावं म्हणून. ते श्वास घेईल आणि चौकट जागची हलणार नाही.

पॅनेलांना पॉलिशचा पहिला हात जोडणीच्या आधीच दिला, कडांसकट. नाहीतर उन्हाळ्यात आकसलं की खाचेतून कोऱ्या लाकडाची फिकट रेघ बाहेर येते. एका पॅनेलच्या मागे चौकटीला अगदी लागून पेन्सिलची रेघ मारून ठेवली. जुलैत बघणार.

फणसाला रंधा मारताना धागा उलटा आला की तुकडा उचकटतो. पातं दिवसातून तीनदा परजलं, कागदाएवढा पातळ हात घेतला, तरी दोन पॅनेलं बाद झाली. त्यांतून मसाल्याच्या डब्याचे कप्पे निघाले.

२ एप्रिल

शिमग्यात झालेली चूक. २४ मार्चला होळी, पालखी गावात, कारखाना आठ दिवस बंद. घाईत मांडणीच्या लांब फळीला वरच्या बाजूने पॉलिश मारलं आणि मागची बाजू "आल्यावर" म्हणून कोरी ठेवली, तीही खिडकीशी. परत आलो तर फळीने वाक घेतला होता. पट्टी आडवी धरली, मधे एक सूत उजेड. कोऱ्या बाजूने दमट वारा प्यायला, ती फुगली, पॉलिशची बाजू आत ओढली गेली.

फुगलेली बाजू दोन दिवस सकाळच्या उन्हाकडे करून ठेवली. वाक जवळपास उतरला. उतरताच दोन्ही बाजूंना एकाच दिवशी हात दिला. मला हा नियम वडिलांनी शिकवला होता आणि मी तो मोडला, याचं फार वाईट वाटलं. काकूंना फळी दाखवून झालेलं सगळं सांगितलं.

१० एप्रिल

पॉलिश. चपड्याचं लाखेचं पॉलिश माझ्या हाताला सगळ्यात आवडतं, पण भाताच्या वाफेने त्यावर पांढरे डाग पडतात. जवसाच्या तेलावर माझ्या अनुभवात दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना उत्तम, पण ते कातडी भाजतं, स्वयंपाकघरात नको. म्हणून दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, अर्धवट चकाकीचं, तीन हात, मागे-पुढे सारखे. सागाच्या चौकटींना आधी थिनरने पुसून घेतलं. सागाचं तेल वर असलं तर पीयू नीट धरत नाही, चिकट राहतो.

६ मे

बसवणी. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून वरची कपाटं भिंतीला चिकटवली नाहीत. सागाच्या पट्टीवर टांगून मागे अर्धा इंच वारा खेळता ठेवला. सिंकखालच्या तळाच्या फळीसाठी मात्र अख्खं लाकूड वापरलं नाही. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय, चारही कडा सीलबंद. ते बहात्तर तास उकळून तपासतात, आणि ती एक जागा अशी आहे की तिथे पाणी येणारच.

स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मीठ सोसतं. फडताळाच्या खिळ्यांभोवतीचे काळे डाग आठवत होतो, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलीत भेटलं की तो डाग पडतो. बिजागऱ्या पितळी.

फडताळ जागच्या जागीच ठेवलं. फक्त त्याचे खिळे बदलून दिले.

२१ जुलै

सकाळपासून संततधार. आंजर्ल्याची खाडी तुडुंब. मीटर, पट्टी आणि विजेरी घेऊन गेलो.

पेन्सिलची रेघ असलेला दरवाजा उघडला, मागे विजेरी धरली. रेघ दिसेना. चौकटीच्या कडेला डोळा लावला तेव्हा तिचं टोक दिसलं, खाचेत शिरलेलं. पॅनेल दोन्हीकडून एकेक मिमी आत गेलंय, चौकटीचे कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, तसेच. फणस मीटरवर सव्वापंधरा, म्हणजे खरा साडेसोळा.

शिवणीचे सहाही खण एका बोटाने सरकतात. काकूंनी मला करून दाखवलं, करंगळीने.

खिडकीजवळचा सागाचा एक दरवाजा मात्र शेजारच्याला घासतो, कागद अडकेल एवढा. काकू म्हणाल्या, रंधा आणलायस तर मार हात. मी नको म्हटलं. आत्ता काढलं तर डिसेंबरात तिथे फट दिसेल. दसऱ्यानंतर येतो, तेव्हाही घासत असेल तर बघू.

त्यांनी गरम सांदणं वाढली. शेजारच्या बरक्याचा रस उन्हाळ्यात आटवून ठेवला होता म्हणे.